इगतपुरीचे दहा दिवस, एक खोकला आणि बारा कार्षापण

इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं, म्हणजे मौन पाळून ध्यान करायचं, शिबिर करून परत येऊन तीन आठवडे झाले. ऑफिसात, सोसायटीत, फॅमिली ग्रुपवर सगळीकडे एकच प्रश्न, कसं वाटलं, शांत वाटतंय का. एका वाक्यात सांगता येईना म्हणून बसून सगळं लिहितोय. मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, वय ४६, बीपीची गोळी चालू. मार्चएंडनंतर दोन महिने मी घरात सगळ्यांच्या अंगावर धावून जात होतो हे मुलीने एकदा जेवताना तोंडावर सांगितलं आणि त्या रात्री विपश्यनेचा फॉर्म भरला. बायकोला म्हटलं, दहा दिवस तिकडे एक शब्द बोलायचा नसतो. ती म्हणाली, मग इथे आणि तिथे फरक काय?

फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पण जागा लवकर भरतात, दोन-तीन महिने आधीच बघा. फॉर्ममध्ये आजार, गोळ्या, मानसिक उपचार असं सगळं विचारतात. तिथे काही लपवू नका, उलट डिप्रेशन वगैरेचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरशी बोला आणि मगच ठरवा. हे काही रिसॉर्ट नाहीये.

दिवस ०, बुधवार

पुण्याहून कल्याण, कल्याणहून नाशिकची गाडी. ऑगस्ट, म्हणजे कसारा घाट बघायचा तर हाच महिना. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिन लागतात, ३७ फुटाला १ फूट असा चढ आहे म्हणे, पुढून ओढ मागून ढकल अशी गाडी वर चढते आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना नुसते धबधबे. दारात उभा असलेला एक पोरगा हात बाहेर काढून ओंजळीत पाणी धरत होता. इगतपुरीला उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर दोन वडापाव खाल्ले, हे शेवटचे म्हणून, आणि शेअर रिक्षाने धम्मगिरी, म्हणजे विपश्यनेचं केंद्र. ब्रह्मदेशी थाटाचं ते सोनेरी प्रवेशद्वार, मागे ढगात अर्धा बुडालेला पॅगोडा आणि त्याच्याही मागे डोंगर असेल असं वाटायला लावणारा पांढरा पडदा.

मोबाईल, पाकीट, पुस्तक, वही, पेन सगळं जमा. फोन देताना मी उगाच शेवटचं एकदा मेल बघितलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसानेही तेच केलं. खोली दोघांची मिळाली. रूममेट उशिरा आला, संध्याकाळचं खाणं चालू असताना. साठीच्या पुढचा, काटक, पांढरा सदरा, कपाळाला आठ्या. बोलणं व्हायच्या आतच आर्य मौन सुरू झालं. आर्य मौन म्हणजे नुसतं तोंड बंद नाही, खाणाखुणा नाहीत, नजरेला नजर द्यायची नाही. अडचण असेल तर धम्मसेवकाशी, म्हणजे शिबिरात सेवा करणाऱ्याशी, हळू आवाजात बोलता येतं, साधनेबद्दल आचार्यांना दुपारी विचारता येतं, बास.

दिवस १ ते ३

पहाटे ४ ला घंटा. साडेचारला हॉलमध्ये किंवा खोलीत ध्यान, साडेसहाला नाश्ता, मग ८ ते ११ ध्यान, ११ ला जेवण, १ ते ५ परत ध्यान, ५ वाजता चहा, ६ ते ७ ध्यान, ७ वाजता प्रवचनाचा व्हिडीओ, मग अजून थोडं ध्यान आणि साडेनऊला दिवे बंद. बेरीज केली तर दिवसाला दहा-साडेदहा तास बसणं होतं. बेरीज मी पहिल्याच तासात केली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पहिले तीन दिवस फक्त आनापान. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो नाकाशी जाणवतो तेवढंच बघायचं. ना मंत्र, ना मूर्ती, ना श्वास लांबवायचा. ऐकायला एवढं सोपं! मी श्वासावर लक्ष ठेवलं आणि चौथ्या श्वासाला मी जीएसटीच्या नोटिशीचं उत्तर मनात टाइप करत होतो. परत आणलं. मग १९९४ साली बारावीत गणिताच्या पेपरात सुटलेलं इंटिग्रेशन. परत आणलं. मग बायकोच्या मावसभावाने घेतलेले आणि न दिलेले १५ हजार. मनात एवढं भंगार साठलंय याचा मला खरंच पत्ता नव्हता, आणि त्यातलं जवळपास सगळं कुणीतरी माझं काहीतरी बुडवलंय याच हेडखाली होतं.

पावसाबद्दल सांगायलाच हवं. इगतपुरीचा पाऊस पडत नाही, तो राहायला येतो. ढग खिडकीतून खोलीत येतात, टॉवेल चौथ्या दिवशीही ओला, आणि हॉलच्या बाहेर शेकडो छत्र्या, त्यातल्या निम्म्या काळ्या. दुसऱ्या दिवशी बाहेर आलो तर माझी छत्री गायब, तिच्या जागी एक काडी मोडलेली. कुणाला विचारणार? मौन! पुढचे दिवस मी ती लंगडी छत्री घेऊन फिरलो आणि दुसऱ्याच्या हातातल्या प्रत्येक काळ्या छत्रीकडे मान खाली घालून बघत राहिलो.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी छत्रीच्या दांड्याला रंगीत दोरा बांधा. आतले कपडे घरी मोजाल त्याच्या दुप्पट न्या. कपडे सुती नकोत, लवकर वाळणारे आणि सैल. पाच मीटर नायलॉन दोरी आणि चिमटे. चपला भिजल्या तरी चालतील अशा. गजराचं घड्याळ नेऊ नका, घंटा तुम्हाला सोडत नाही.

आणि खोकला. पहिल्याच रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या कॉटवरून खॉक, खॉक. दोनदा. मग शांतता. वीस मिनिटांनी परत खॉक, खॉक. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. दिवसा हा माणूस ठणठणीत, हॉलमध्ये माझ्यापुढे दोन ओळी सोडून पुतळ्यासारखा ताठ बसायचा आणि चुकूनही खोकायचा नाही. म्हणजे मुद्दाम? तिसऱ्या रात्री मी अंधारात छताकडे बघत त्याच्याशी मोठं भांडण केलं, अर्थात मनात, आणि जिंकलो.

दिवस ४

दुपारी विपश्यना देतात. दोनेक तास हलायचं नाही, आणि लक्ष नाकावरून काढून डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटापर्यंत एकेक भाग तपासत न्यायचं. जिथे जी संवेदना असेल, खाज, मुंग्या, उष्णता, दुखणं, ती नुसती बघायची. आवडली म्हणून धरायची नाही, नाही आवडली म्हणून हाकलायची नाही, ती बदलते का एवढं बघायचं. माझ्या आतल्या अकाउंटंटला हे एकदम पटलं, हे तर ऑडिट आहे! नोंदी बघायच्या, खाडाखोड करायची नाही.

हे उगाच म्हणत नाहीये. प्रवचनाच्या व्हिडीओत दिसतात ते गोयंका गुरुजी, त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते. दिवसा सरकारी हिशोब आणि कार्यालयातल्याच लोकांना ध्यान शिकवायचं, असा माणूस. गोयंका म्हणजे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. मायग्रेन इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायला लागायची. १९५५ मध्ये ते ऊ बा खिनांकडे गेले तर त्यांनी आधी नकारच दिला, डोकेदुखी घालवायची असेल तर डॉक्टरकडे जा, विद्येची किंमत कमी करू नको. मग चौदा वर्षं त्यांच्याजवळ शिकून १९६९ मध्ये गोयंका भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं, आणि १९७६ पासून धम्मगिरीवर शिबिरं चालू आहेत. प्रवचनं ते मस्त रंगवून सांगतात, व्हिडीओ जुने असले तरी हॉल खळखळून हसतो. त्यांचं पाली पठण मात्र पहिले चार दिवस मला झेपलं नाही, पहाटे साडेपाचला तो खर्जातला लांबलेला आवाज म्हणजे... असो. शेवटी शेवटी मी त्याची वाट बघायला लागलो होतो.

दिवस ५ ते ७

आता अधिष्ठान. दिवसातून तीन वेळा एकेक तास हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत असा निश्चय करून बसायचं. माझा डावा गुडघा विसाव्या मिनिटाला बोलायला लागायचा, पस्तिसाव्याला ओरडायला. पाचव्या दिवशी मी तिन्ही वेळा हरलो. सहाव्या दिवशी संध्याकाळी कंटाळून ठरवलं की चला, हा गुडघा नेमका कुठे दुखतोय ते तरी बघू. वाटीखाली सुपारीएवढी एक जागा, तिथे जळजळ, तिच्या कडेला टोचल्यासारखं, त्याच्या बाहेर नुसतं गरम. टोचणं सरकत होतं, जळजळ थांबून थांबून येत होती, आणि आपण ज्याला एकच सलग दुखणं म्हणतो तसं तिथे काही सापडेना. दुखणं गेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण दुखतंय आणि मी चिडलोय या दोन वेगळ्या एंट्र्या आहेत आणि दुसरी एंट्री मी स्वतः पास करतोय, हे त्या चाळीस मिनिटांत दिसलं.

मग वाटलं खोकल्यालाही हेच लावू. त्या रात्री खॉक झालं की अंगात काय होतं ते बघत पडलो. जबडा आवळतो, पोटात गोळा, कान गरम. बघता बघता झोप लागली. सातव्या रात्रीही तसंच. खरं सांगायचं तर त्याच्या आधी पाचव्या दिवशी मी धम्मसेवकाकडे खोली बदलून मागितली होती, तो हसून म्हणाला, दोन दिवस बघा, नाहीच जमलं तर करू काहीतरी. मी गेलोच नाही परत. आठव्या दिवशी तर मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला, की बघा, हा बिचारा आजारी म्हातारा आणि मी त्याच्याबद्दल मनात समता ठेवून आहे.

इथे एक आगाऊ गोष्ट. परत आल्यावर थोडं वाचलं तेव्हा कळलं की मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचे, म्हणजे मनात जोपासायच्या चार भावांचे, प्रत्येकी दोन शत्रू असतात असं पाचव्या शतकातल्या आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमार्गात लिहून ठेवलंय. एक लांबचा शत्रू, तो सरळ दिसतो, जसं करुणेचा क्रूरपणा. दुसरा जवळचा, तो हुबेहूब तसाच दिसतो म्हणून जास्त घातक. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती, करुणेचा जवळचा शत्रू दुःखात बुडून जाणं, आणि उपेक्षेचा, म्हणजे समतेचा, जवळचा शत्रू काय तर अज्ञानातून आलेली बेपर्वाई. हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी हे वीस वर्षं सांगतेय.

जेवण साधं, शाकाहारी आणि अप्रतिम. सकाळी पोहे नाहीतर उपमा, मोड आलेली कडधान्यं, दुपारी पोळी, भाजी, आमटी, भात. संध्याकाळी नव्या साधकांना चहा, कुरमुरे, फळ, जुन्यांना फक्त लिंबूपाणी. सातव्या दिवशी मी एक केळं दहा मिनिटं खाल्लं. केळ्याला एवढी चव असते? आणि ते खाताना डोक्यात आलं की याचे पैसे मी भरलेले नाहीत.

दिवस ८ आणि ९

सांगण्यासारखं काही नाही. बसलो.

दिवस १०, शनिवार

सकाळच्या सामूहिक साधनेनंतर मैत्री शिकवतात. नऊ दिवस शरीर आणि मन तपासून झाल्यावर शेवटी थोडा वेळ, जे काही चांगलं कमावलं ते सगळ्या प्राण्यांबरोबर वाटून घ्यायचं, सगळे सुखी होवोत. मला वाटलं होतं की हा भाग भाबडा असणार. आईवडील, मुलगी, बायको इथपर्यंत सोपंच गेलं. मग कुठून कोण जाणे, ऑफिसातला आमचा ज्युनिअर आला डोळ्यांपुढे. मार्चमध्ये एक एंट्री जुळत नव्हती म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं आणि चूक माझी निघाली होती. ती मी गुपचूप दुरुस्त केली, त्याला सांगितलं नाही. तो मला दिसला तो डबा खाताना, डब्याच्या झाकणात लोणचं वेगळं काढून ठेवतो तसा. त्याला सुखी हो म्हणायला जीभ उचलेना, आधी सॉरी म्हणायला हवं होतं. मैत्रीच्या आधी बॅकलॉग.

भवतु सब्ब मंगलं, साधु साधु साधु, आणि मौन सुटलं. बाहेर शाळा सुटल्यासारखा कल्ला. यवतमाळकडचे एक झेडपीचे गुरुजी भेटले, सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजा मिळते ती घेऊन आलेले, शाळेत पोरांना रोज दहा मिनिटं आनापान देतात, म्हणाले पोरं माझ्यापेक्षा बरी बसतात. छत्री? छत्री एका बँक मॅनेजरकडे होती. तो म्हणाला, अहो मी तुमच्यामागे रोज फिरत होतो, बोलणार कसं!

आणि मग रूममेट. अकोल्याकडचे, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, तिसरं शिबिर. मी मोठ्या प्रेमाने विचारलं, काका, खोकल्याला काही औषध घेता की नाही? ते माझ्याकडे बघतच राहिले.

"मले कायचा खोकला? तब्येत टनाटन आहे आपली. तुमी लय घोरता न भाऊ. मी खोकललो का तुमी कूस बदलता, मंग वीस मिनटं शांत. हालवून उठवाव तं नियमात नाही बसत."

दहा रात्री. माझी ती करुणा, ती समता, बिचारा म्हातारा वगैरे! मी एवढा हसलो की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, तीन दिवस मलेही राग आला होता, मंग म्हटलं याचंही पोट भरते कष्ट करून, झोपू द्या.

काकांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर होते. घरात त्रिसरण पंचशील लहानपणापासून, पण डोळे मिटून बसणं त्यांना रिटायर झाल्यावर सापडलं. त्यांचं एक म्हणणं मला लक्षात राहिलं. इथे बसून शांत वाटते हे ठीक, पण गावात पाणवठ्यावर आपल्या बाजूला कोणी उभं राहत नसे तेव्हा डोळे मिटून काय होणार होतं, बाबासाहेबांनी म्हणून करुणा माणसांवर आणि मैत्री सगळ्या जिवांवर असं सांगितलं, ती वागण्यात दिसली पाहिजे. मी मान डोलवली. त्याच्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

दानाचं काउंटर याच दिवशी उघडतं. शिबिराची फी नाही, राहण्या-जेवणाचे पैसे नाहीत, आणि ज्याने शिबिर पूर्ण केलंय त्याच्याचकडून दान घेतात. मी सवयीने विचारलं, एका माणसाचा दहा दिवसांचा खर्च किती येतो? तिथले गृहस्थ म्हणाले, तुमचा तर आधीच कुणीतरी देऊन गेलंय, तुम्ही पुढच्याचं बघा, जमेल तेवढं. कोण देऊन गेला ते कधीच कळणार नाही. मी पंचवीस वर्षं व्हाउचर तपासतोय, असं व्हाउचर बघितलं नव्हतं. अंतर्मन, शांती वगैरे शब्दांपेक्षा मला ते केळं आठवलं.

दिवस ११, रविवार

सकाळी सातच्या आत सगळं आवरून मोकळे. मी सरळ पुण्याला जाणार होतो, काका म्हणाले त्रिरश्मीला वंदनेला जातो, येता का. त्रिरश्मी म्हणजे पांडवलेणी, पण काकांसमोर तसं म्हणायची सोय नाही, पांडवांचा काय संबंध म्हणतात, आणि बरोबरच आहे, लेण्यांतल्या शिलालेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मीच आहे. इगतपुरीहून नाशिककडे जाताना हायवेलगतच डोंगर लागतो. पायथ्याला बुद्धविहार आणि शेजारी फाळके स्मारक. पायऱ्या चढून २४ लेणी. पावसात दगड शेवाळलेले असतात, चांगले बूट घाला, रविवारी गर्दी आणि रील करणारी पोरं असतात, शक्यतो सकाळी लवकर जा.

काकांनी चैत्यात, १८ नंबरच्या लेण्यात, वंदना म्हटली. आजूबाजूला सेल्फी चालू होते, काका शांत. मग आम्ही १० नंबरला आलो. व्हरांड्यातल्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरं. हे लेणं दिलं नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने, साधारण १९०० वर्षांपूर्वी. मोबाईल परत मिळाला होता, त्यावर लेखाचं भाषांतर शोधून काकांना वाचून दाखवायला लागलो आणि मीच थांबलो.

उषवदाताने ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमचे ठेवले गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे. गोवर्धन गाव नाशिकजवळ आजही आहे. त्यातले २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे, शेकडा पाऊणने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी.

मी तिथेच कॅल्क्युलेटर काढला. २००० वर महिना एक टक्का म्हणजे २०, वर्षाचे २४०. भागिले २० भिक्षू. बारा. पैचा फरक नाही.

"म्हंजे एफडी केली म्हना," काका म्हणाले.

वर्षावास म्हणजे हेच पावसाळ्याचे महिने, भिक्षूंनी फिरायचं नाही, एका जागी राहून साधना करायची. बाहेर पाऊस कोसळत होता, आम्ही दोघं ओल्या कपड्यांत त्या दगडी बाकावर बसलो होतो, आणि मी विचार करत होतो की कुठल्यातरी विणकराने इथल्या कुणा भिक्षूला कधी बघितलंही नसेल, पण महिन्याच्या महिन्याला त्याच्या चीवराचं व्याज बाजूला काढत असेल. काकांनी पिशवीतून दोन लाडू काढले, एक मला दिला. मी किती झाले असं विचारलं नाही.

काका अकोल्याच्या गाडीसाठी नाशिकरोडला गेले. मला पुण्याची बस मिळाली, खिडकी. परतीचा एक दिवस मोकळा ठेवा, लगेच दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊ नका, आवाज सहन होत नाही, मी सोमवारची रजा टाकली होती ते बरं केलं. मंगळवारी ज्युनिअरला केबिनमध्ये बोलावून मार्चचं सगळं सांगितलं. तो घाबरून म्हणाला, सर, तुमची तब्येत ठीक आहे ना?

पण ते नंतर. त्या दिवशी बसमध्ये बसलो, बाहेर सगळं हिरवंगार, सिन्नर कधी गेलं कळलं नाही, डोळा लागला. संगमनेरच्या अलीकडे कुठेतरी शेजारचा माणूस खोकला. दोनदा.

मी डोळे उघडले आणि त्याला सॉरी म्हटलं.